मेलबोर्नचे तीन गोल : ख्रिस्तवासी नेव्हिल डिसूझा यांचें स्मरण

महोत्सवाचें वर्ष आलें म्हणजे जमाखर्च मांडण्याची आपल्या ख्रिस्तसभेंत वहिवाट आहे. देवळाचा पाया कोणीं घातला, घंटा कोणाच्या देणगींतून आली, शाळेचे वर्ग कसे वाढले, कोणकोणते फादर व सिस्टर्स येथें राबून गेले, किती बाप्तिस्मे व किती लग्नें झालीं, या सर्वांची नोंद स्मरणिकेंत होते, व ती झालीच पाहिजे. परंतु एक वर्ग या जमाखर्चांतून बहुधा सुटून जातो, आणि तो वर्ग खेळाडूंचा. रविवारची मिस्सा आटोपल्यावर ज्यांचा खेळ पाहण्यास सारा धर्मग्राम पटांगणाभोंवतीं जमला, ज्यांच्या पायांतून चेंडू सुटला म्हणजे म्हातारे कोतारेही काठी टेकून उठून उभे राहिले, त्यांचीं नांवें वीस-पंचवीस वर्षांत पुसलीं जातात. पाहणारे आहेत तोंपर्यंत नांव आहे. पाहणारे गेले कीं नांवही गेलें.

ही लहान गांवच्या लहान खेळाडूंची गोष्ट झाली, असें कोणी म्हणेल. यास्तव आम्ही येथें मुद्दाम एका थोर खेळाडूचें चरित्र घेत आहों. सर्व जगाच्या देखत त्यानें पराक्रम केला. तो आपल्याच धर्माचा, मूळचा गोमंतकाचा व कर्तृत्वानें मुंबईचा. आणि तरीही आपल्या तरुणांपैकीं फार थोड्यांस त्याचें नांव ठाऊक आहे. त्याची हकीकत सांगावी, आणि खेळाडूची आठवण कोणीं ठेवावयाची, त्याच्या संघानें, सरकारनें कीं समाजानें, या प्रश्नाचा थोडा विचार करावा, इतकाच या लेखाचा हेतु आहे.

वऱ्हाडास खेळाचें प्रेम नवें नाहीं. अमरावतीचें श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालीं स्थापन झालें, आणि त्याच्या खेळाडूंनीं १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिम्पिक मेळाव्याच्या प्रसंगीं कबड्डी आदि आपल्या देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. ऑलिम्पिक हा शब्द अमरावतीच्या घरांत तेव्हांपासून परिचयाचा झाला. फुटबॉलची वार्ता मात्र आमच्याकडे मुख्यतः मुंबईच्या वाटेनें आली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग भुसावळ, अकोला, बडनेरा असा १८६७ सालीं नागपुरास पोहोंचला. त्या मार्गानें वऱ्हाडचा कापूस मुंबईस गेला व मुंबईचीं वर्तमानपत्रें इकडे आलीं. धर्मकार्याचा विस्तारही त्याच काळांत झाला. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ सालीं निर्माण झाला, आणि त्यांतून ८ मे १९५५ रोजीं अमरावतीचा धर्मप्रांत वेगळा होऊन बिशप जोसेफ रोझारिओ हे त्याचे पहिले धर्माध्यक्ष झाले. आपल्या या धर्मप्रांतास जेमतेम दीड वर्ष लोटलें होतें, तोंच दूर ऑस्ट्रेलियांत, मेलबोर्न शहरीं, आमच्या कथेचा मुख्य प्रसंग घडला. परंतु तेथें जाण्यापूर्वीं गोमंतकांत डोकावणें अवश्य आहे.

गोमंतकांत फुटबॉल कोणीं आणला, या प्रश्नाचें उत्तर आपल्या वाचकांस आनंद देईल. तो आणला एका धर्मगुरूंनीं. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनीं १८८३ सालीं बार्देश तालुक्यांतील शिवोली गांवीं हा खेळ मुलांस शिकविला, असें गोमंतकाच्या क्रीडेतिहासांत नमूद आहे. मुलांचें शरीर सुदृढ व्हावें, चारजणांत मिळून वागण्याची त्यांस सवय लागावी, आणि रिकामा वेळ वाईट संगतींत जाऊं नये, म्हणून शाळेच्या शिक्षणाबरोबर खेळ चालविण्याची आपल्या मिशनऱ्यांची जुनी रीत आहे. संत जॉन बॉस्को यांनीं तूरिन येथें अनाथ व उनाड पोरांस गोळा केलें तेव्हां प्रार्थनेइतकीच जागा त्यांनीं खेळासही दिली होती. शिवोलीस पडलेलें हें बीं चांगल्या भूमींत पडलें. कापणी झालेल्या भातखाचरांत, देवळासमोरच्या मोकळ्या जागेंत, चिंध्यांच्या गोळ्यानेंही मुलें खेळूं लागलीं. पुढें गांवोगांवच्या फेस्ताच्या दिवसांत सामने होऊं लागले, आणि हा खेळ गोमंतकीयांच्या जीवनाचा एक भागच होऊन बसला.

या शिवोलीच्या शेजारींच आसगांव आहे. ३ जुलै १९३२ रोजीं जन्मलेले नेव्हिल स्टीफन डिसूझा हे याच आसगांवचे.

गोमंतकांतील पुष्कळ कुटुंबांप्रमाणें त्यांच्याही आयुष्याची वाट मुंबईकडे गेली. त्या काळीं बोटींवर व हापिसांत चाकरी करणारे हजारों गोमंतकीय मुंबईस असत. धोबीतलाव, गिरगांव, माझगांव या भागांत त्यांच्या गांवागांवांच्या ‘कुडी’ होत्या. गांवचा माणूस बोट लागेपर्यंत किंवा नोकरी मिळेपर्यंत तेथें अल्प भाड्यांत राही. भिंतीशीं वेदी असे, सायंकाळीं सर्वजण मिळून रोझरी म्हणत. परक्या शहरांत माणसास माणूस धरून ठेवण्याचें जें काम या कुडींनीं केलें तेंच फुटबॉलच्या संघांनींही केलें. चाकरीचे कष्ट आटोपून शनिवार-रविवारीं कूपरेजच्या मैदानावर जमणाऱ्या प्रेक्षकांत आपल्या धर्माच्या लोकांचा भरणा मोठा असे.

मुंबईचा रोव्हर्स चषक ही देशांतील अत्यंत जुन्या स्पर्धांपैकीं एक. ती १८९१ सालीं सुरू झाली, आणि कित्येक वर्षें तीवर गोऱ्या पलटणींचेंच वर्चस्व राहिलें. १९३७ सालीं बंगलोर मुस्लिम्स या संघानें तो चषक जिंकला, तेव्हां प्रथमच तो देशी संघाच्या हातीं आला. मुंबईच्या फुटबॉलमध्यें आणखी एक विशेष होता. येथील मोठे संघ बहुधा व्यापारी कंपन्यांचे असत. खेळाडूस कंपनींत नोकरी मिळे, दुपारनंतर सरावास सुटी मिळे, आणि संघाची कीर्ति झाली म्हणजे कंपनीचीही कीर्ति होई. गरीब घरांतील गुणी मुलास यांत मोठा आधार होता. नेव्हिल डिसूझा हे मुंबईंत टाटा व पुढें कॅल्टेक्स या संघांतर्फे खेळले, आणि संतोष चषकाच्या स्पर्धेंत त्यांनीं मुंबईचें प्रतिनिधित्व केलें. त्यांची जागा सेंटर फॉरवर्डची, म्हणजे आघाडीच्या रांगेंत मधोमध. या जागेवरील माणसाचें काम सांगावयास सोपें व करावयास अत्यंत कठीण असतें. इतर दहाजणांनीं मेहनत करून चेंडू पुढें आणावा, आणि यानें क्षणार्धांत तो गोलांत घालावा. तो क्षण साधला तर टाळ्या त्याच्या. हुकला तर सर्वांचा दोषही त्याच्याच माथीं.

आतां मेलबोर्नकडे वळूं. त्यापूर्वीं भारताच्या फुटबॉलची स्थिति काय होती हें ध्यानीं घेतलें पाहिजे, म्हणजे पराक्रमाची किंमत कळेल. स्वातंत्र्यानंतर पहिल्याच वर्षीं, १९४८ सालीं, लंडनच्या ऑलिम्पिकमध्यें आपला संघ फ्रान्सशीं खेळला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. खेळ चांगला झाला, परंतु दोन पेनल्टी वायां गेल्या व सामना २-१ असा हरला. पुढें १९५२ सालीं हेल्सिंकी येथें युगोस्लाव्हियानें आपला १०-१ असा धुव्वा उडविला. त्या पराभवानंतर बूट घालून खेळणें आपल्या खेळाडूंस सक्तीचें झालें. यानंतर चार वर्षांनीं जो संघ मेलबोर्नला गेला त्याचे गुरु हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम होते. हे मूळचे शिक्षक. शाळेंत मुलांस शिकविण्याची शिस्त त्यांनीं मैदानांत आणली. कर्णधार बंगालचे समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी होते. आघाडीस प्रदीपकुमार बॅनर्जी, तुळसीदास बलराम, कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू यांसारखे खेळाडू होते. गोल राखावयास पीटर तंगराज व नारायण होते. हिंदु, मुसलमान व ख्रिस्ती, बंगाली, तेलगु, तामीळ व गोमंतकीय असा तो सर्व देशाचा मेळा होता.

पहिल्या फेरींत आपली गांठ हंगेरीशीं पडावयाची होती. त्या देशांत त्या वेळीं मोठें बंड होऊन रक्तपात झाला होता. हंगेरीचा फुटबॉल संघ मेलबोर्नला आला नाहीं, व भारतास खेळल्यावांचून पुढची फेरी मिळाली. त्यामुळें १ डिसेंबर १९५६ रोजीं यजमान ऑस्ट्रेलियाशीं जो सामना झाला तोच आपला पहिला सामना. यजमानांनीं आधींच जपानला हरविलेलें. मैदान त्यांचें, हवा त्यांची, प्रेक्षकही त्यांचेच.

नवव्या मिनिटास नेव्हिल डिसूझा यांनीं पहिला गोल केला. सतराव्या मिनिटास ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरो यानें तो फेडला. तेहतिसाव्या मिनिटास नेव्हिल यांनीं दुसरा गोल केला. एकेचाळिसाव्या मिनिटास मॉरोनें पुन्हां बरोबरी साधली. मध्यंतरास दोन-दोन अशी स्थिति होती. ज्यांनीं फुटबॉल खेळला आहे त्यांस सांगावयास नको कीं, दोनदां मिळविलेली आघाडी दोनदां हातची गेली म्हणजे संघाचें मन खचतें, व यजमानांस चेव येतो. अशा वेळीं पन्नासाव्या मिनिटास नेव्हिल यांनीं तिसरा गोल केला. यानंतर मात्र ऑस्ट्रेलियास बरोबरी साधतां आली नाहीं. ऐंशीव्या मिनिटास किट्टू यांनीं चौथा गोल करून सामना ४-२ असा संपविला. या हिशेबांत एक गोष्ट वाचकांनीं टिपून ठेवावी. नेव्हिल यांच्या तिन्ही गोलांपैकीं प्रत्येकानें भारतास आघाडी मिळवून दिली. जिंकलेल्या सामन्यांत शोभेसाठीं घातलेला असा त्यांत एकही नव्हता. जेव्हां जेव्हां संघास गरज पडली तेव्हां तेव्हां हा माणूस जागेवर होता.

ऑलिम्पिकच्या फुटबॉलमध्यें एकाच सामन्यांत तीन गोल करणारे ते आशिया खंडांतील पहिले खेळाडू ठरले, आणि या स्पर्धेच्या उपांत्य फेरींत पोहोंचणारा भारत हा आशियांतील पहिला देश ठरला. त्या दिवशीं त्यांचें वय चोवीस वर्षांचें होतें.

उपांत्य सामना ४ डिसेंबर रोजीं झाला, आणि समोर उभा होता तोच युगोस्लाव्हिया, ज्यानें चार वर्षांपूर्वीं आपल्यावर दहा गोल केले होते. पूर्वार्धांत कोणासही गोल करतां आला नाहीं. उत्तरार्ध सुरू झाल्यावर थोड्याच वेळांत नेव्हिल डिसूझा यांनीं गोल केला आणि भारत एकानें पुढें गेला! कांहीं मिनिटें, वाचकहो, अगदीं थोडीं मिनिटें, आपला देश ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर उभा होता. पुढें युगोस्लाव्हियानें जोर केला, तीन गोल चढविले, व चौथा आपल्याच खेळाडूच्या पायास लागून आंत गेला. सामना ४-१ असा गेला. आपल्या देशांतील सामने त्या काळीं सत्तर मिनिटांचे असत, आणि ऑलिम्पिकचे नव्वद मिनिटांचे; त्या वीस मिनिटांचें ओझें किती असेल याची कल्पना ज्याची त्यानें करावी. तिसऱ्या स्थानासाठीं ७ डिसेंबर रोजीं बल्गेरियाशीं झालेला सामनाही ३-० असा हरला, आणि भारत चौथा आला. स्पर्धेंत सर्वांत अधिक गोल करणाऱ्यांत बल्गेरियाचा मिलानोव्ह व युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच यांच्या जोडीस प्रत्येकीं चार गोल करून नेव्हिल डिसूझा यांचें नांव लागलें. रोम येथील १९६० च्या ऑलिम्पिकनंतर आपल्या पुरुष संघास त्या स्पर्धेंत उतरण्याचीही संधि आजवर मिळाली नाहीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे मेलबोर्नचें मोल कळतें.

धन्यानें प्रवासास जातांना आपलें धन चाकरांस वाटून दिलें, हा प्रभूंचा दाखला आपण मिस्सेंत अनेकदां ऐकला आहे. ज्यानें धन पुरून ठेविलें त्याचा धिक्कार झाला व ज्यांनीं तें वाढविलें त्यांची स्तुति झाली. खेळाची देणगी हें असेंच सोंपविलेलें धन होय. पवित्र पिते बारावे पायस यांनीं १९४५ सालीं, महायुद्ध संपतांच, रोम येथें खेळाडूंपुढें भाषण करून शरीर ही देवाची निर्मिति आहे व खेळ हा आत्म्याच्या सेवेस लावावा असा उपदेश केला. नेव्हिल यांस जी देणगी मिळाली होती ती त्यांनीं पुरून ठेविली नाहीं. परंतु या दाखल्याची दुसरीही बाजू आहे. चाकरानें वाढविलेल्या धनाचा हिशेब धनी परत आल्यावर विचारतो व शाबासकी देतो. समाजानेंही निदान हिशेब तरी विचारावयास नको काय?

येथें आमच्या कथेचा दुःखद भाग सुरू होतो. मेलबोर्नहून परतल्यावर नेव्हिल खेळत राहिले. १९५८ सालीं कॅल्टेक्स संघानें रोव्हर्स चषक जिंकला, त्या संघांत ते होते. कलकत्ता व हैदराबाद येथील बलाढ्य संघांनीं वर्षानुवर्षें नेलेला चषक मुंबईच्या संघानें घरीं ठेविला, याचा आनंद कूपरेजवरील प्रेक्षकांस किती झाला असेल! पुढें वय वाढलें, नवे खेळाडू आले, व जगाच्या रीतीप्रमाणें जुन्यांचीं नांवें मागें पडलीं. सरकारनें १९६१ सालीं अर्जुन पुरस्कार सुरू केला. फुटबॉलसाठीं तो मान प्रथम प्रदीपकुमार बॅनर्जी यांस व पुढील वर्षीं तुळसीदास बलराम यांस मिळाला. दोघेही त्या मानास सर्वथा योग्य, व दोघेही मेलबोर्नच्या संघांतील नेव्हिल यांचे सोबती. ज्यानें त्या स्पर्धेंत चार गोल केले त्याचें नांव मात्र त्या यादींत कधींच आलें नाहीं. १७ मार्च १९८० रोजीं, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं, नेव्हिल डिसूझा प्रभूच्या घरीं गेले.

मग त्यांची आठवण त्यांच्या संघानें ठेवावी, असें म्हणावें तर संघ कोठें आहे? कॅल्टेक्स कंपनीचा भारतांतील व्यवहार सरकारनें ताब्यांत घेतला, व १९७८ सालीं तो हिंदुस्तान पेट्रोलियममध्यें विलीन झाला. संघाचें नांव ज्या पाटीवर होतें ती पाटीच उतरली. रोव्हर्स चषकाची स्पर्धाही २०००-०१ च्या हंगामानंतर बंद पडली. ज्या संघानें चषक जिंकला तो संघ नाहीं, आणि जो चषक जिंकला त्याची स्पर्धाही नाहीं! कोलवाळचे फॉर्च्युनातो फ्रांको हे रोमच्या ऑलिम्पिक संघांत निवडले गेलेले व १९६२ सालीं जकार्ता येथें आशियाई सुवर्णपदक मिळविणाऱ्या संघांतील खेळाडू. तेही १० मे २०२१ रोजीं निवर्तले. त्या पिढीचे साक्षी असे एकेक करून जात आहेत.

याच्या उलट उदाहरण कोल्हापूरचें पाहावें. तेथील फुटबॉलचे संघ पेठांचे व तालमींचे आहेत: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर सामना असला म्हणजे सारी पेठ लोटते. तेथें जुन्या खेळाडूचें नांव आजोबा नातवास सांगतो, कारण आजोबा, नातू व तो खेळाडू तिघेही एकाच पेठेचे. कंपनीचा संघ पगारावर उभा असतो. कंपनीचें धोरण बदललें कीं तो मोडतो. पेठेचा संघ माणसांच्या शेजारावर उभा असतो, व शेजार सहसा मोडत नाहीं. आमच्या अमरावतीचें व्यायाम मंडळ शंभर वर्षें ओलांडून उभें आहे, त्याचेंही कारण हेंच कीं तें गांवाचें होऊन राहिलें. नेव्हिल यांच्या नशिबीं पेठ आली नाहीं. त्यांचें मूळ गांव आसगांव पोर्तुगीज अमलाखालीं, कर्मभूमि मुंबई, खेळाचा संघ कंपनीचा, पराक्रमाचें ठिकाण समुद्रापलीकडे. प्रत्येकास वाटलें कीं आठवण दुसरा कोणीतरी ठेवील.

आठवणीचा आणखी एक धोका सांगणें प्राप्त आहे. खेळाची चाहती मंडळी प्रेमाच्या भरांत गोष्टी वाढवून सांगतात. १९५० सालीं ब्राझिल येथील जागतिक चषकास आपला संघ गेला नाहीं, त्याचें कारण अनवाणी खेळण्यास मनाई झाली हें होय, अशी कथा आपल्या देशांत घरोघरीं सांगितली जाते. परंतु त्या काळचे कर्णधार शैलेन मन्ना यांनींच पुढें ही कथा खोडून काढली. ऑलिम्पिकपुढें जागतिक चषकाचें महत्त्व आपल्या चालकांस तेव्हां वाटत नव्हतें, हें खरें कारण. मेलबोर्नविषयींही कोणी पदक मिळाल्याचें सांगतो, कोणी गोलांची संख्या वाढवितो. असल्या भरीची येथें मुळींच जरुरी नाहीं. आपण चौथे आलों, पदक मिळालें नाहीं, उपांत्य सामना हरलों. आणि इतकें सर्व खरेंखुरें सांगूनही नेव्हिल डिसूझा यांची थोरवी तसूभरही कमी होत नाहीं. ज्याचें स्मरण करावयाचें त्याचें खरें तेवढेंच सांगावें, हा त्याचा खरा मान.

तर मग आठवण ठेवण्याचें काम कोणाचें? आमच्या मतें तें समाजाचें, आणि समाजांत विशेषेंकरून धर्मग्रामाचें आहे. कंपन्या येतात व जातात, स्पर्धा बंद पडतात, पुरस्काराच्या याद्यांत कधीं न्याय होतो व कधीं होत नाहीं. परंतु ख्रिस्तसभेस नांवें लक्षांत ठेवण्याची दोन हजार वर्षांची सवय आहे. आपण नोव्हेंबर महिन्यांत आपल्या मृतांचीं नांवें चिठ्ठीवर लिहून वेदीपाशीं ठेवितों. ज्या बाप्तिस्म्याच्या वहींत श्रीमंत जमीनदाराच्या मुलाचें नांव आहे तिच्यांतच त्याच शाईनें मजुराच्या मुलाचेंही आहे. कोणी मोठा झाला म्हणून त्याचें नांव मोठ्या अक्षरांत लिहिलें जात नाहीं, व कोणी विसरला गेला म्हणून तें खोडलेंही जात नाहीं. ज्या सभेस ही सवय आहे तिनें आपल्या खेळाडूंचीं नांवें हरवूं द्यावीं हें ठीक नाहीं.

म्हणून या महोत्सवाच्या निमित्तानें आमची वाचकांस एक नम्र सूचना आहे. अमरावतींत काय, अकोल्यांत काय किंवा चिखलदऱ्याच्या डोंगरांतील आपल्या वस्त्यांत काय, मिशनच्या पटांगणांत जे खेळले त्यांपैकीं वृद्ध मंडळी अजून हयात आहेत. कोणत्या वर्षीं कोणता संघ होता, कोण कोठें खेळे, कोणाविरुद्ध सामना झाला व काय निकाल लागला, हें त्यांच्या तोंडून ऐकून एका वहींत लिहून काढावें. ज्यांचे फोटो घरांत पेटींत पडले आहेत त्यांनीं ते काढून मागें नांवें लिहावीं. हरलेले सामनेही लिहावे, व जो राखीव खेळाडू कधींच मैदानांत उतरला नाहीं त्याचेंही नांव लिहावें. ही वही बाप्तिस्म्याच्या वहीशेजारीं कपाटांत ठेवावी. यास फारसा खर्च नाहीं. चार तरुणांनीं कांहीं रविवार दिले तर काम होईल. पुढच्या महोत्सवाची स्मरणिका लिहिणारांस मग केवळ विटा व चुना यांचाच हिशेब मांडावा लागणार नाहीं.

आणि त्या वहीच्या पहिल्या पानावर, ज्यांनीं आमच्या पटांगणास कधीं पाय लावला नाहीं अशा एकाचें नांव लिहावें असें आम्हांस वाटतें: नेव्हिल स्टीफन डिसूझा, आसगांव व मुंबई; १ डिसेंबर १९५६, मेलबोर्न; मिनिटें नववें, तेहतिसावें व पन्नासावें. आपल्या मुलांनीं तें वाचावें, त्याचा अर्थ वडिलांस विचारावा, आणि वडिलांस तो सांगतां यावा.

प्रभु त्यांच्या आत्म्यास चिरशांति देवो.